पाखरांनी अंडी सोडली, की त्यांची वाट अडली?

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका वाचक ताईंच्या बाल्कनीत, जुईच्या वेलीत, लालबुड्या बुलबुलांच्या जोडीने घरटं केलं. सोमवारी पहिलं अंडं दिसलं, बुधवारपर्यंत तीन झाली. तिसरीतली मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी तिकडे धावायची. गुरुवारी सोसायटीच्या रंगकामाची परांची त्यांच्या बाजूला चढली. 'हिरवी जाळीही लावलीय, त्यामुळे घरात दिवसा दिवा लावावा लागतो,' असं त्या लिहितात. गुरुवार दुपारपासून बुलबुल दिसले नाहीत. शुक्रवारी वाऱ्याने घरटं तिरकं झालं, ते ताईंनी हाताने सरळ केलं. सासूबाई म्हणाल्या, माणसाचा हात लागला, आता पाखरं अंड्यांकडे ढुंकून पाहणार नाहीत. रात्री मुलगी रडायला लागली, तेव्हा ताईंनी बुटांच्या खोक्यात कापूस घातला, अंडी आत आणून ठेवली आणि वर टेबललॅम्प लावला. यजमानांनी कोंबडीच्या अंड्यांसाठी मिळणारं छोटं इनक्युबेटर ऑनलाइन बघून ठेवलंय. शनिवारी सकाळी आलेल्या या पत्रात ताई विचारतात: 'ही टाकलेली अंडी आम्ही घरी उबवू शकतो का? पिल्लं निघाली तर त्यांना खायला काय घालायचं? आणि काहीच केलं नाही, तर तीन जीव डोळ्यांदेखत जाऊ दिल्याचं पाप लागेल का?'

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: अंडी लगेच घरट्यात परत ठेवा आणि तुमच्या बाल्कनीसमोरची जाळी आजच्या आज उघडून घ्या. असं का म्हटलं, ते आता सविस्तर लिहिते. विणीच्या हंगामात असा पेच बऱ्याच घरांत पडतो, त्यामुळे इतरांनाही याचा उपयोग होईल.

तुमच्या पत्रात 'टाकलेली अंडी' हे शब्द चार वेळा आले आहेत. हिरव्या जाळीचा उल्लेख मात्र एकदाच, तोही घरात अंधार झाला म्हणून. मला ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. परांचीवरची जाळी वरपासून खालपर्यंत ताणून बांधलेली असते. बुलबुल बाल्कनीत शिरतो तो ठरलेल्या वाटेने. आधी समोरच्या झाडावर किंवा तारेवर बसतो, इकडेतिकडे बघतो आणि मग थेट वेलीत उतरतो. गुरुवारी दुपारी ती वाट एकाएकी बंद झाली, आणि पाखरं दिसेनाशी झाली तीही गुरुवारी दुपारपासूनच. तेव्हा त्यांनी अंडी टाकली असं म्हणण्याआधी त्यांना अंड्यांपर्यंत पोचता येत होतं का, हे बघायला हवं. जाळीच्या पलीकडे, समोरच्या झाडावर ती जोडी ओरडत बसली असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. बुलबुल घाबरला की एकसुरी, तुटक 'पीक-पीक' करत राहतो. तुमच्या मुलीला विचारून बघा, तिने तो आवाज ऐकला असेल.

जाळी अख्खी काढायची गरज नाही. घरट्याच्या समोर, उंचीला आणि रुंदीला दोन-अडीच फूट एवढा भाग गुंडाळून वर बांधला तरी पुरतं. सोसायटीच्या सेक्रेटरींशी आणि रंगाच्या मुकादमाशी समोरासमोर बोला. नुसता ग्रुपवर मेसेज टाकून हे काम होत नाही. एवढी भिंत शेवटी रंगवा, असं सांगितलं तर बहुतेक कामगार ऐकतात, माझा अनुभव तरी तसा आहे. त्यातले कितीतरी जण गावाकडचे असतात, पाखरांची घरटी त्यांना आपल्यापेक्षा जास्त ओळखीची असतात.

दुसरी गोष्ट वारांची. सोमवारी पहिलं अंडं, बुधवारी तिसरं. बुलबुल रोज एक अंडं घालतो, बहुतेक वेळा सकाळी, आणि दोन-तीन अंडी झाली की थांबतो. छोटे गाणारे पक्षी सगळी अंडी घालून होईपर्यंत, किंवा निदान शेवटच्याच्या आदल्या अंड्यापर्यंत, नीट उबवायला बसत नाहीत. सगळी पिल्लं साधारण एका वेळी बाहेर पडावीत यासाठी ही सोय आहे. त्यामुळे अंडी दिसताहेत आणि पाखरू दिसत नाही, हे पहिल्या तीन-चार दिवसांत अगदी नेहमीचं चित्र असतं. उबवणी सुरू झाल्यावरही मादी दिवसातून अनेकदा खायला उठते. आपण नेमके तेव्हाच डोकावतो आणि 'आई सोडून गेली' असं ठरवून मोकळे होतो.

मग खरंच सोडली की नाही, हे ओळखायचं कसं? घरट्याजवळ न जाता. खिडकीच्या पडद्याआडून, आतला दिवा बंद ठेवून बघा. सकाळी उजाडल्यावर तासभर आणि संध्याकाळी अंधार पडता पडता, या दोन वेळा दुपारपेक्षा जास्त सांगून जातात. उबवणी सुरू असेल तर रात्री मादी अंड्यांवर बसलेली असते. मात्र टॉर्च मारू नका. रात्री दचकून उडालेलं पाखरू अंधारात परत येऊ शकत नाही, आणि अंडी रात्रभर उघडी पडतात. वाट मोकळी असतानाही ओळीने दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कुणीच फिरकलं नाही, तरच अंडी सोडली असं म्हणता येईल. तुमच्याकडे वाट मोकळी नव्हती, म्हणून गुरुवार-शुक्रवारचा हिशेब मी धरतच नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. मी स्वतः लहानपणापासून हे ऐकत आले आहे आणि त्यामागचा हेतू मला पटतो: मुलांनी घरट्यात हात घालू नये. पण हाताच्या वासामुळे पाखरं अंडी टाकतात, हे खरं नाही. पक्ष्यांना वास अजिबात येत नाही असं नाही. पण माणसाच्या बोटांचा वास आला म्हणून बुलबुल स्वतःची अंडी सोडत नाही. तुम्ही घरटं सरळ केलंत ते योग्यच केलंत, तिरक्या घरट्यातून अंडी खाली पडली असती. एका अर्थी मात्र सासूबाई बरोबर आहेत. पुन्हापुन्हा जवळ जाणं, फोटो काढणं, पाहुण्यांना दाखवणं याने पाखरं बिथरतात. घरट्यात अजून पिल्लं नसतात, नुसती अंडी असतात, तेव्हा ती जागा सोडून द्यायला लवकर तयार होतात. पिल्लं झाल्यावर तीच जोडी बरंच सोसते. शिवाय आपण कुठे वाकून बघतोय, यावर कावळ्याचं बारीक लक्ष असतं. म्हणजे सासूबाईंचा नियम पाळायचाच, फक्त त्याचं कारण वेगळं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते: घरी उबवता येईल का?

यंत्र काय करतं आणि मादी काय करते, हे आधी शेजारी ठेवून बघू. विणीच्या काळात मादीच्या पोटावरची पिसं झडतात आणि तिथे उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी तयार होते. अंडं त्या कातडीला थेट टेकतं. अंडं किती गार आहे हे तिला तिथेच कळतं, आणि त्याप्रमाणे ती घट्ट बसते, सैल बसते किंवा उठून जाते. चोचीने ती अंडी दिवसभर फिरवत राहते. फिरवली नाहीत तर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटून मरतो. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी हळूहळू उडून जातं आणि अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी वाढत जाते. कवच फोडायच्या आधी पिल्लू पहिला श्वास घेतं तो या पोकळीतला. हवा फार दमट असेल तर पोकळी वाढत नाही. फार कोरडी असेल तर पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यातच अडकतं.

कोंबडीचं अंडं पन्नास-साठ ग्रॅमचं, बुलबुलाचं जेमतेम तीन ग्रॅमचं. बाजारातलं यंत्र कोंबडीच्या अंड्याच्या मापाने बनवलेलं असतं. त्याची अंडी फिरवायची सोय बुलबुलाच्या अंड्याला लागू पडत नाही. 37.5 अंशांच्या आसपासचं तापमान त्याने राखलं, तरी एवढंसं अंडं फार चटकन तापतं आणि चटकन गार होतं. टेबललॅम्पची गोष्ट तर आणखी अवघड. जुना पिवळा बल्ब जवळ ठेवला तर अंड्याची वरची बाजू भाजते आणि खालची गार राहते. एलईडी असेल तर ऊब जवळपास मिळतच नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी: थोडा वेळ गार पडलेलं अंडं बऱ्याचदा वाचतं, पण चाळीस अंशांच्या वर गेलेलं अंडं वाचणं कठीण. ऊब कमी पडेल या भीतीने माणसं दिवा आणखी जवळ सरकवतात आणि तिथेच घात होतो. रात्रभर खोक्यात ठेवल्याने तुमची अंडी गेलीच असतील असं नाही. उबवणी जेमतेमच सुरू झाली असेल, ही त्यातली जमेची बाजू. पण उन्हाळ्यात उबवणीविना पडून राहिलेल्या अंड्यांत गर्भाची वाढ अर्धवट, वेडीवाकडी सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून एकेक दिवस मोलाचा. माझ्या त्या दोन ओळींत एवढी घाई होती ती यासाठी.

समजा, हे सगळं जमलं. चौदाव्या दिवसाच्या आसपास पिल्लं बाहेर आली. उघडीनागडी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. आता त्यांना पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवायचं. तेही मऊ किडे आणि अळ्या, कारण मोठे बुलबुल फळं खात असले तरी वाढत्या पिल्लांना प्रथिनं लागतात. दूध-पोळी, भिजवलेला ब्रेड, वरणभात यांतलं काहीच चालत नाही. पक्ष्यांना दुधातली साखर पचवता येत नाही. ड्रॉपरने पाणी पाजायला जावं तर श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, थेंब तिकडे गेला की पिल्लू गुदमरतं. पिल्लं घरट्यात असतात ते बारा-तेरा दिवस रोज तेरा-चौदा तास हे काम. तुमची नोकरी, मुलीची शाळा, घरातली कामं सांभाळून हे कोण करणार?

यातूनही पिल्लू तगलं तर खरा प्रश्न पुढेच आहे. फळ कुठल्या झाडाला कधी लागतं, मांजर दिसल्यावर कसं ओरडायचं, शिकरा आला की कुठे लपायचं, हे बुलबुल आईबापांमागे फिरून शिकतो. माणसाच्या हातून खाल्लेला बुलबुल माणसाला भीत नाही, आणि शहरात ज्या पाखराला भीती नाही ते फार दिवस टिकत नाही. मग माणसं त्याला पिंजऱ्यात ठेवतात, 'आता बाहेर कसं सोडायचं' म्हणून. ज्याला वाचवायला निघालो त्याचा जन्म पिंजऱ्यात जातो, आणि हे मला अंडं न फुटण्यापेक्षा वाईट वाटतं.

कायद्याचंही सांगते, घाबरवायला नाही तर माहिती म्हणून. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. तिरकं घरटं सरळ केलं म्हणून तुम्हाला कुणी दोष देणार नाही. पण अंडी घरात नेऊन उबवणं आणि निघालेली पिल्लं पाळणं हे आपल्या मर्जीने करायचं काम नाही.

यावर तुमचे यजमान म्हणतील की माणसं जंगली पक्ष्यांची अंडी उबवतातच की. हो, उबवतात. माळढोकाची उबवतात. राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथल्या केंद्रात 2019 पासून माळढोकाची अंडी माळावरून आणून यंत्रात उबवली जातात. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात गिधाडांसाठी असं काम चालतं. पण माळढोक एका वेळी साधारण एकच अंडं घालतो, आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यात, जे त्याच्याच नावाने राखलं, तिथेही तो आता दिसणं दुर्मीळ झालंय. तिथे एका अंड्यासाठी प्रशिक्षित माणसं, डॉक्टर, सरकारी परवानग्या आणि वर्षांची मेहनत उभी असते. बुलबुलाला ही मदत लागत नाही. त्याची अंडी कावळा पळवतो, भारद्वाज खातो, खार आणि सरडा नेतात, वेलीवर साप चढतो. उघड्या घरट्यांतली कितीतरी अंडी दरवर्षी अशीच जातात. आणि ती जोडी थोड्या दिवसांत दुसऱ्या जागी काड्या आणि कोळ्याची जाळी गोळा करून पुन्हा घरटं बांधते, पुन्हा अंडी घालते. एका हंगामात हे एकापेक्षा जास्त वेळा होतं.

म्हणून ताई, पापाच्या प्रश्नावर माझं मत असं. तुम्ही वाचवायला हवीत ती अंडी नाहीत, तर ती जोडी आणि तिची जागा. जोडी धडधाकट आहे. तिला जायला-यायला वाट, बसायला आडोसा आणि घरट्याभोवती शांतता मिळाली, तर या तीन अंड्यांचं काहीही झालं तरी पुढची अंडी होतील. 'काहीच केलं नाही' असं तुम्ही म्हणता. पण मुकादमाशी वाद घालून जाळी उघडून घेणं, मुलीला बाल्कनीत जाऊ नको असं पटवणं, पाहुणे आले तरी पडदा न सरकवणं, हे सगळं करणंच आहे. यंत्र विकत आणण्यापेक्षा ते अवघड आहे.

बाल्कनीपुरत्या काही गोष्टी. अंडी परत ठेवली असतील तर त्यांना आता पुन्हा हात लावू नका, उजेडासमोर धरून आत काय आहे ते बघू नका. जुईची फांदी हलत असेल तर फांदी सुतळीने गजाला बांधा, घरट्याला दोरा गुंडाळू नका. घरट्याजवळ दाणे किंवा पाण्याचं भांडं ठेवू नका, त्याने कावळे आणि खारी आयत्याच येतात. पाणी ठेवायचंच तर घराच्या दुसऱ्या बाजूला. कपडे वाळत घालायची दोरी महिनाभर आत घ्या. झाडांना पाणी भर दुपारी घालू नका. तुम्ही आलात की मादी उठते, आणि त्या उन्हात अंड्यांवर सावली धरणारं कुणी राहत नाही. ज्यांच्याकडे अख्खं घरटंच खाली पडलंय त्यांनी एक छोटी टोपली घ्यावी, तळाला पाणी निथळायला भोकं असलेली, घरटं त्यात ठेवावं आणि जुन्या जागी किंवा तिथून हाताच्या अंतरावर बांधावं. पाखरं ते बहुतेक वेळा स्वीकारतात. तडा गेलेलं अंडं मात्र सोडून द्या.

याच विषयावर दोन-तीन वेगळ्या गोष्टी वाचक विचारतात, त्यांचंही इथेच सांगते.

गच्चीवरची टिटवी. स्लॅबवरच्या खडीत चार टोकदार, मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी, खाली घरटं म्हणावं असं काही नाही, आणि जवळ गेलं की डोक्यावरून आरडाओरडा करत झेपा. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात, त्यामुळे काही सोसायट्यांत ती अंडी हलवायची घाई होते. हलवू नका. टिटवीची अंडी उबायला चार आठवडे लागतात आणि नर-मादी दोघंही बसतात. भर उन्हाळ्यात तुम्ही लांबून बघितलंत तर एक विलक्षण गोष्ट दिसेल. पाखरू पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवतं आणि तसंच ओलं येऊन अंड्यांवर बसतं, अंडी गार ठेवायला. टिटवी उठून गेली म्हणजे अंडी सोडली असं नाही, ती पाण्यावर गेलेली असू शकते. वॉटरप्रूफिंगचं काम महिनाभर पुढे ढकला. टिटवीची पिल्लं बुलबुलासारखी उघडीनागडी नसतात, अंड्यातून निघाल्यावर काही तासांत पळू लागतात आणि स्वतः टिपून खातात. त्यांना भरवायची गरज नसते. अडचण कठड्याची असते. पिल्लं खाली उतरू शकत नाहीत आणि गच्चीवर खायला काही नसतं. अशा वेळी वन विभागाला कळवा. त्यांच्या सल्ल्याने पिल्लं उघड्या खोक्यात घेऊन, आईबापांच्या डोळ्यांसमोरून, जवळच्या मोकळ्या जमिनीवर न्यावी लागतात. आईबाप डोक्यावर घिरट्या घालत बरोबर येतात, म्हणून खोकं झाकायचं नाही.

एसीच्या बाहेरच्या युनिटवरचा होला. चार काड्यांचं घरटं बघून लोकांना वाटतं, हे अर्धवट सोडलंय. होल्याचं घरटं तसंच असतं, खालून अंडी दिसतील इतकं विरळ. दोन पांढरी अंडी, उबवायला आणि पिल्लं उडायला मिळून जवळपास चार आठवडे. तेवढ्या दिवसांत एसीवाल्याला बोलावू नका.

पारव्यांबद्दलची चीड मला समजते. त्यांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर हा विषय बाजूला ठेवता येत नाही. पण जाळी बसवायची ती अंडी घालण्याआधी. अंडी किंवा पिल्लं असतील तर दीड-दोन महिने थांबावं लागतं, मग जागा पाण्याने भिजवून, नाकातोंडाला मास्क लावून साफ करायची आणि लगेच जाळी लावायची. कोरडी विष्ठा झाडूने उडवू नका.

आणि जमिनीवर सापडलेलं पिल्लू. अंगावर पिसं नसतील तर हलक्या हाताने घरट्यात परत ठेवा. पिसं फुटलेली आहेत, शेपूट आखूड आहे, उड्या मारतंय, तर ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर आलंय. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि आईबाप त्यांना झुडपांत भरवत राहतात. अशा पिल्लाला उचलून घरी नेणं म्हणजे त्याला आईबापांपासून तोडणं. जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजर-कुत्र्यांना तासभर लांब ठेवा. जखमी असेल, मांजराने तोंडात धरलं असेल, तर मात्र वेळ घालवू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घाला, खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, मुंबईत परळला जुनं प्राण्यांचं रुग्णालय आहे, इतर शहरांतही परवानगी घेऊन काम करणाऱ्या संस्था आहेत. तुमच्या भागात कोण, ते या क्रमांकावर सांगतात. अंड्यांसाठी फोन केलात तर 'जागेवरच राहू द्या' असंच बहुधा ऐकायला मिळेल. ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका, छोट्या पाखरांच्या अंड्यांसाठी तोच योग्य सल्ला आहे.

आता मुलगी. तिला 'सगळं ठीक होईल' असं सांगू नका, कारण कदाचित होणार नाही. तिसरीतल्या मुलीला खरं समजतं. अंडी फुटतील किंवा फुटणार नाहीत, आपण पाखरांची वाट मोकळी केली, आता ती काय करतात ते बघायचं, असं सांगा. तिला एक वही द्या. पडद्याआडून सकाळी आणि संध्याकाळी काय दिसलं ते वेळ घालून लिहायचं: मादी आली का, किती वेळ बसली, कुठून आली, नर जवळ होता का. पाखरं आली नाहीत तर तेही लिहायचं. ती रडली तर रडू द्या. तिची समजूत काढायला म्हणून घरात अंडी उबवायला घेऊ नका. चार दिवसांनी हातात मेलेलं पिल्लू घेऊन तिला समजावणं याहून फार कठीण जाईल.

अंडी फुटलीच नाहीत तर? बुलबुलाची उबवणी दोन आठवड्यांची, म्हणून महिनाभर घरट्याला हात लावू नका. कधीकधी वांझ अंड्यांवरही मादी ठरल्या दिवसांपेक्षा जास्त दिवस बसते, तिचं ती उठेल. महिन्यानंतर, जोडी आठवडाभर अजिबात आली नसेल, तरच वेल साफ करा. जुई छाटू नका, पावसाळ्याच्या आधी तीच जागा त्यांना पुन्हा आवडू शकते.

यजमानांना सांगा, इनक्युबेटर मागवू नका. त्याऐवजी त्यांच्यावर एक काम सोपवा, कारण ते अजून राहिलंय. रंगाचा दुसरा हात मारायला कामगार परत येतील आणि तेव्हा जाळी पुन्हा खाली सोडतील. जोडी परत आली असेल तर अंडी उबून पिल्लं घरट्यातून बाहेर पडायला साधारण चार आठवडे लागतील. मुकादमाकडून तुमच्या भिंतीची तारीख आजच विचारून घ्या, आणि ती या चार आठवड्यांत येत असेल तर सेक्रेटरींच्या सहीने पुढची तारीख लिहून घ्या.